शेजाऱ्यांचा बंद पडलेला लॉनमोअर चालू केला: छोट्या इंजिनांची देखभाल, सगळ्यांनी लिहा

ओहायोकर

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या गॅरेजमध्ये बरेच दिवस एक लॉनमोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, धूळ खात पडला होता. २२ इंची ब्लेड, वर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १९० सीसीचं इंजिन, मागची चाकं स्वतः फिरणारी. मागच्या आठवड्यात तो मोठ्या कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवायला निघाले होते. मी म्हटलं आजोबा थांबा, मला एकदा बघू द्या. त्यांचं म्हणणं, दोन सीझन झाले सुरूच होत नाही, दुकानात नेला तर नुसतं उघडून बघायचेच इतके पैसे सांगितले की त्यात अजून थोडे घातले तर नवीन येईल. तर तो आता चालू आहे आणि आजोबा पुढचं अंगण स्वतःच कापतात. काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे हेच मशीन याच अवस्थेत गॅरेजमध्ये असणार याची मला खात्री आहे.

आधी एक सांगतो, अशी मशीन बंद पडतात ती बहुतेक वेळा इंजिन खराब होऊन नाही, तर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळे. इथे पंपावर जे मिळतं त्यात १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि एका मर्यादेपुढे पाणी आलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि इंजिनाला पुरवठा होतो तो नेमका तळातूनच. शिवाय पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे उरतो तो चिकट थर. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशसारखा वास आला की समजायचं. इथे अगदी तसाच वास होता.

कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवली. हे मी ठळक अक्षरात लिहितो असं समजा. ब्लेड हाताने फिरवलं तरी पिस्टन हलतो आणि चुकून इंजिन पेटलं तर बोटं जातात. वायर काढल्याशिवाय मशीनच्या खाली हात नाही म्हणजे नाही.

मग निदान. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, इंधन, ठिणगी आणि दाब. प्लग काढला तर कोरडा ठणठणीत, म्हणजे दोरी ओढून ओढून दमलं तरी सिलेंडरमध्ये पेट्रोल पोचतच नाहीये. प्लग परत वायरला लावून त्याचं लोखंड इंजिनाच्या धातूला टेकवलं, प्लगच्या भोकापासून लांब धरून, आणि दोरी ओढली, ठिणगी निळी छान. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) तोंडात अगदी थोडं ताजं पेट्रोल सोडलं, सगळं परत बसवलं आणि दोरी ओढली तर भुर्रकन पेटलं आणि दोन तीन सेकंदात बंद. इथेच निकाल लागला. ठिणगी आहे, दाब आहे, इंधन येत नाही. म्हणजे कार्बोरेटर.

टाकी रिकामी केली. ते जुनं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, आमच्या काउंटीत घरगुती घातक कचरा घ्यायची सोय आहे तिथे नेऊन दिलं. कार्बोरेटर काढण्याआधी त्याच्या आजूबाजूच्या स्प्रिंगा आणि तारा कशा अडकवल्यात त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, ते गव्हर्नरचं, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेचं, काम असतं आणि एक स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली तरी इंजिन एकतर रडत चालतं नाहीतर वेड्यासारखं पळतं. खालची वाटी एका बोल्टवर असते. या इंजिनात तो बोल्टच मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भाग, आहे, त्याच्या दांड्याला बारीक भोकं असतात आणि बरेच लोक वाटी पुसून तोच बोल्ट तसाच परत लावतात. माझ्या हातात आला तेव्हा भोक पांढरट हिरव्या खरपुडीने पूर्ण बुजलेलं होतं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घेऊन मोकळं केलं, वर कार्ब क्लीनरचा फवारा. सुई किंवा ड्रिल अजिबात घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मग इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. आणि फवारा मारायच्या आधी फ्लोट, रबरी सील काढून ठेवा, डोळ्याला गॉगल लावा, तो फवारा भोकातून उलटा तोंडावर येतो.

वाटीचं रबर नवीन टाकलं, प्लग नवीन, गॅप ०.७६ मिमी. ऑइल काळंकुट्ट होतं, बदललं, साधारण अर्धा लिटरच्या थोडं वर बसतं, एसएई ३०. एअर फिल्टर कागदी होता, नवीन घेतला.

ताजं पेट्रोल टाकलं, प्रायमरचा फुगा तीनदा दाबला, दोरी ओढली आणि चालू. आजोबा गॅरेजच्या दारात उभे होते, त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून हँडल घेतलं आणि सरळ लॉनवर गेले.

आता तुमच्याकडचं लिहा. फक्त मोअर असं नाही, जे काही छोटं इंजिनाचं असेल ते.

लीना_मिशिगन

खूप छान लिहिलंय. आमच्याकडे पण अगदी हेच. नवरा म्हणतो नवीन बॅटरीवालाच घेऊ. एक शंका, मशीन आडवं कुठल्या बाजूला करायचं? मागच्या वेळी आमच्या लॉनवाल्या मुलाने आडवं केलं आणि नंतर सुरू केल्यावर एवढा पांढरा धूर की शेजारच्या बाई धावत आल्या.

ओहायोकर

लीनाताई, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर आकाशाकडे राहतील अशा बाजूलाच कलंडवायचं, किंवा पुढची चाकं वर उचलून प्लग वरच्या बाजूला राहील असं. उलट्या बाजूला केलं तर क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या पोटातलं, ऑइल फिल्टरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये उतरतं, तोच तो पांढरा धूर. ऑइल जळून गेलं की थांबतो, मात्र फिल्टर ऑइलने भिजला असेल तर कागदी फिल्टर टाकूनच द्यावा लागतो. आणि कलंडवायच्या आधी टाकी जवळपास रिकामी हवी.

तुमच्या इंजिनाचं वय बघायचं असेल तर वरच्या पत्र्यावर तीन नंबर ठोकलेले असतात, मॉडेल, टाइप, कोड. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, मग तारीख. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे म्हणजे इंजिन किती घन इंचांचं ते, १२ असेल तर १९० सीसीच्या आसपासचं. पार्ट मागवताना हे तीन नंबर दिले की चुकीचा पार्ट येत नाही. मोअरच्या ब्रँडवर जाऊ नका, रंग कुठलाही असो आत इंजिन दुसऱ्याच कंपनीचं असतं.

आगरातला

गुहागर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे लॉन नाही पण गवत आहे, आणि ते पावसात कमरेएवढं वाढतं. गणपतीच्या आधी आंगण, वाट, विहिरीकडची पाखाडी (दगडी पायवाट) मोकळी करायची आणि पावसानंतर आंबा काजूच्या बागेत बेणणी (गवत, झुडपं काढणं), या दोन वेळा ग्रासकटर बाहेर निघतो. बाकी वर्षभर पडवीत खुंटीला. पूर्वी बेणणीला आठ दहा माणसं लागायची, आता माणसंच मिळत नाहीत त्यामुळे वाडीत प्रत्येक दुसऱ्या घरात कटर आहे. आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी सगळ्या वाडीचे कटर एकाच वेळी बंद पडतात आणि मग चिपळूणच्या मेकॅनिककडे रांग.

ओहायोकरांनी लिहिलेलं शंभर टक्के खरं, आमच्याकडे तर आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. आमच्या टू स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या कटरला, वाटीवाला कार्ब नसतो, डायफ्रामचा असतो, म्हणजे आत पातळ रबरी पडदा, तो इंजिनाच्या धक्क्यावर हलून पेट्रोल ओढतो. पेट्रोल ठेवून दिलं की तो पडदा कडक होतो, हातात घेतला तर कागदासारखा वाजतो. मग कटर सुरू होतो पण रेस दिली की मरतो. लोक स्क्रू फिरवत बसतात, स्क्रूचा काही दोष नसतो. डायफ्रामचं किट स्वस्तात मिळतं, ते बदला, आणि त्याच वेळी टाकीतला फिल्टर, पेट्रोलची नळी आणि प्रायमरचा फुगा बदला. नळी कडक होऊन बारीक चीर गेलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही पण हवा ओढते.

दुसरी गोष्ट, सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की कटर सुरू होतो पण ताकदच नाही. ती काढून जाळावर धरून ब्रश मारला की पुन्हा पूर्वीसारखा. हे बऱ्याच जणांना माहीतच नाही की तिथे जाळी आहे.

बी_विंग

सर, आमची पुण्यातली सोसायटी आहे, पेट्रोलवर चालणारा ढकलायचा मोअर आहे, इंजिन वरच्यासारखंच उभ्या शाफ्टचं. मागच्या महिन्यात माळीदादांनी गवतात लपलेल्या तोडलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर घातला, जागच्या जागी बंद पडला. त्यानंतर दोरी ओढली की हाताला जोरात उलटा झटका बसतो, कधी फाटकन आवाज येतो, पण सुरू होत नाही. ठिणगी आहे, पेट्रोल ताजं आहे, कार्ब पण दुकानातून साफ करून आणला. कमिटी म्हणते भंगारात द्या. काय करू?

ओहायोकर

बी_विंग, देऊ नका. तुमच्या वर्णनावरून नव्वद टक्के फ्लायव्हीलची चावी तुटलेली आहे. सांगतो.

क्रँकशाफ्टच्या (ब्लेड फिरवणारा इंजिनाचा दांडा) वरच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, बसतं आणि दोघांच्या खाचांमध्ये एक छोटी चौकोनी चावी असते, मऊ अ‍ॅल्युमिनियमची. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलच्या समोरून गेलं की ठिणगी पडते, म्हणजे ठिणगीची वेळ या चावीवर ठरते. ब्लेड बुंध्याला अडकून क्षणात थांबलं, फ्लायव्हील मात्र जोरात फिरत होतं, त्या झटक्यात चावी कापली जाते आणि फ्लायव्हील शाफ्टवर थोडं सरकतं. आता ठिणगी भलत्याच वेळी पडते, म्हणून दोरी उलटी खेचली जाते. चावी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, थोडाफार धक्का तिने घ्यावा म्हणून. त्यामुळे कोणी तिथे लोखंडी तुकडा घासून बसवतो म्हणाला तर बसवू देऊ नका.

प्लगची वायर काढा, वरचा दोरीचा सगळा पत्रा काढा, मधला नट सोडवा. फ्लायव्हील न काढता सुद्धा वरून खाच दिसते, दोन्ही खाचा एका रेषेत नसतील तर निदान पक्कं. फ्लायव्हील पुलरने (ओढून काढायचं अवजार) काढा, हातोडीने त्याच्या पंखांवर मारू नका, पंख तुटतात आणि चुंबकही कमजोर होतं. नवीन चावी टाका, शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं आतलं भोक कोरडं पुसा, तिथे ऑइल ग्रीस काही नको, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. नंतर कॉइल आणि चुंबकामधलं अंतर, ०.२५ ते ०.३६ मिमी असतं, व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून कॉइल चुंबकाला चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचं.

एक मात्र आधी बघा. प्लग काढून ठेवून दोरी हळूहळू ओढत खालून ब्लेडच्या बोल्टचं मधलं टोक बघा. ते डगडगताना दिसलं तर क्रँकशाफ्ट वाकलाय, मग मात्र खरोखर भंगार. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करून कोणी देत असेल तर घेऊ नका, तो चालू मशीनमध्ये तुटला तर ब्लेड उडतं.

कृष्णाकाठ

पलूसकडचा द्राक्षवाला आहे. आमच्याकडे छोटं इंजिन म्हणजे पाठीवरचा पंप आणि एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप. त्याबद्दल दोन शब्द, कारण गावात दरवर्षी पंपांचं कसं वाटोळं होतं ते बघतोय.

बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारला की लोक दमलेले असतात, पंप तसाच शेडमध्ये. मोरचूद पत्रा आणि लोखंड खातं, बोर्डोतला चुना नोझलमध्ये घट्ट बसतो. फवारणी संपली की त्याच वेळी टाकीत स्वच्छ पाणी घेऊन पंप चालवायचा, नळीतून आणि गनमधून साधं पाणी येईपर्यंत, यात दहा मिनिटं जातात आणि पंप वर्षानुवर्षं टिकतो. एचटीपीला तीन पिस्टन, तिथल्या ग्रीस कपांना काम चालू असताना अधूनमधून अर्धा पीळ द्यायचा. पॅकिंगमधून थेंब थेंब गळायला लागलं की लगेच बदलायचं, नाहीतर पाणी खालच्या ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधासारखं पांढरं होतं. ऑइलच्या काचेत पांढरं दिसलं की पंप थांबवा, त्या दिवशीचं काम राहू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. टू फोर डी मारलेला पंप कितीही धुतला तरी नळीत, रबरात थोडं राहतं आणि द्राक्षाला ते इतकं लागतं की पानं पंख्यासारखी वळतात. आम्ही तणनाशकाच्या पंपाला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलाय, घरातल्या पोरांना पण माहीत आहे लाल पट्टा बागेत न्यायचा नाही.

आगरातला

कृष्णाकाठ दादा, आमच्याकडे सुपारीला बोर्डो असतो, तेच दुखणं. रंगाची कल्पना आम्ही पेट्रोलच्या कॅनला वापरतो. घरात एक टू स्ट्रोक कटर आणि एक फोर स्ट्रोक, त्यामुळे गडबड होते. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ सांगितलं असेल तर ४० मिली. किती ते मशीनच्या पुस्तकात बघायचं, मेकॅनिक सांगतो म्हणून नाही. फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळं खाली. ३५ सीसीच्या फोर स्ट्रोकमध्ये ऑइल असतं फक्त १०० मिलीच्या आसपास, त्यातलं थोडं जरी कमी झालं तरी फरक पडतो, दररोज बघायचं. कोणी गड्याने घाईत टू स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल भरलं तर पिस्टन घासून जाम होतो आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या कटरच्या जवळ जातो. म्हणून मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन निळा, साधा पांढरा, आणि मिसळलेलं एक दोन आठवड्यांत संपेल एवढंच करायचं.

अजून, खालच्या गिअरच्या डोक्याला एक स्क्रू असतो, तो उघडून ग्रीस भरायचं, दर पंधरा वीस तासांनी. कोणी भरत नाही. आणि कातळावर, जांभ्याच्या गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) पातं लावू नका, नायलॉनची दोरी लावा, दगडावर पात्याचा तुकडा उडाला तर गोळीसारखा येतो. गॉगल आणि गमबूट सोडायचे नाहीत. आमच्याकडे त्या गवतात फुरसं, विषारी साप, असतं. कटर चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी येऊ द्यायचं नाही, पोरं तर बिलकुल नाही.

मेल्बर्नकर

टू स्ट्रोकचा विषय निघालाय म्हणून. इथे ऑस्ट्रेलियात जुन्या घरांच्या शेडमध्ये अजून टू स्ट्रोक व्हिक्टा मोअर सापडतात, आणि ते चालतात! मर्विन व्हिक्टर रिचर्डसन या माणसाने १९५२ मध्ये सिडनीत ते बनवायला सुरुवात केली, त्याच्या पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीचचा रिकामा डबा लावला होता. इथल्या लोकांचा त्याच्यावर इतका जीव आहे की २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात मोअर घेतलेले लोक मैदानात उतरवले होते. माझ्या शेजाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांचा आहे. त्याला २५ ला १ मिश्रण लागतं, दोन तीन रबरी भाग बदलले, एवढंच. त्या काळच्या मशीनचं मला आवडतं ते हे की सगळं उघडता येतं, स्क्रू दिसतात, कुठे चिकटवलेलं नाही. इथे ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये सहसा इथेनॉल नसतं, मी छोट्या इंजिनांना तेच घालतो, ऑक्टेनसाठी नाही तर इथेनॉल टाळायला.

धोटा

इचलकरंजीतून. मी प्रोसेस हाऊसमध्ये काम करतो, इंजिनाचं फार कळत नाही, पण हाताने ढकलायच्या सिलेंडरवाल्या मोअरबद्दल लिहितो. कापडावरची लव कापायला आमच्याकडे शिअरिंग मशीन असतं, एका रूळावर पीळ दिलेली पाती आणि खाली एक सरळ पट्टी, कापड मधून जातं. लॉनमोअर त्यावरूनच आला. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या लोकरी गिरण्यांच्या भागात एडविन बडिंग नावाचा माणूस होता, त्याने कापडावरची लव कापणारं हेच यंत्र बघितलं आणि गवताला लावलं, १८३० ला पेटंट घेतलं. लव कापली तसं गवत. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला.

आमच्या कॉलनीत असा एक हाताचा मोअर गंजून पडलेला होता, तो मी घरी आणला. त्याची धार लावायची आमच्या मशीनसारखीच पद्धत आहे. पाती कानस मारून धार लागत नाही, रूळ गोल राहिला पाहिजे. व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट पात्यांना लावायची आणि रूळ उलटा फिरवायचा, पाती आणि खालची पट्टी एकमेकांना घासून स्वतःच बसतात. पेस्ट धुऊन टाकायची आणि मग खालची पट्टी दोन्ही बाजूच्या स्क्रूने जवळ आणायची, जेमतेम टेकेल इतकीच. वर्तमानपत्राचा कागद मध्ये धरून रूळ फिरवा, डावीकडे मध्ये उजवीकडे सगळीकडे कात्रीसारखा कापला गेला पाहिजे. एका बाजूला कापतो आणि दुसरीकडे दुमडतो तर त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा. जास्त आवळला तर ढकलायला जड जातो आणि पाती लवकर झिजतात. बेअरिंगला ग्रीस. छोटं लॉन असेल तर याच्यासारखं काही नाही, ना पेट्रोल ना वायर, आणि सकाळी सहाला चालवला तरी कोणाची झोपमोड नाही.

लीना_मिशिगन

धोटा, काय सुंदर माहिती! मला आता तो हाताचा बघायचाय.

पण माझा प्रश्न राहिला, बॅटरीवाला घ्यावा की जुना दुरुस्त करावा? सगळीकडे वाचते की पेट्रोलचे आता बंदच होणार.

ओहायोकर

लीनाताई, बंद होणार असं सरसकट नाही. कॅलिफोर्नियात २०२४ पासून अशी नवीन पेट्रोल इंजिनं विकण्यावर निर्बंध आलेत, जुनं वापरायला मनाई नाही. होंडाने अमेरिकेसाठी पेट्रोलचे मोअर बनवणं २०२३ मध्ये थांबवलं. म्हणजे दिशा तिकडेच आहे आणि नवीनच घ्यायचा असेल, लॉन लहान असेल, तर बॅटरीचा घ्या, आवाज कमी, धूर नाही, कार्बोरेटर नाही. बॅटरी हिवाळ्यात गारठलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका, घरात आणा आणि पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नाही, अर्धी चार्ज करून ठेवा.

पण घरात चांगलं इंजिन असलेलं मशीन पडलं असेल आणि ते फक्त एका बुजलेल्या भोकामुळे बंद असेल, तर ते फेकून नवीन आणणं मला पटत नाही. ते पोलाद, ते अ‍ॅल्युमिनियम, ते कोणीतरी खाणीतून काढलंय, ओतलंय, घासलंय. अजून दहा वर्षं चालू शकणारी वस्तू आपण शनिवारची एक सकाळ दिली नाही म्हणून कचऱ्यात जाते. तुमचं आधी उघडून बघा, नाही जमलं तर घ्या नवीन.

उघडाल तेव्हा वरचा पत्राही काढा. हिवाळ्यात उंदीर तिथे गवताचं घरटं करतात, हवा कोंडते आणि इंजिन तापून जातं, कधी कधी कॉइलची बारीक वायरही कुरतडलेली असते. ठिणगीच नसेल तर तिथे बघायचं, आणि हँडलवरच्या दांड्याची केबल बघायची. तो दांडा सोडला की ब्लेड ३ सेकंदांत थांबलं पाहिजे असा इथे १९८२ पासून नियम आहे, ते काम ती केबल करते, इंजिनाला ब्रेक लावते आणि कॉइल बंद करते. केबल सैल पडली की दांडा दाबलेला असूनही कॉइल बंदच राहते. काही लोक ती केबल काढून तारेने बांधून टाकतात. कृपा करून असं करू नका, कोणाच्याच घरी.

शिकाऊ_माळी

थंडीत किंवा पावसाळ्यात ठेवताना नक्की काय करायचं? टाकी भरून ठेवायची की रिकामी? दोन्ही ऐकलंय.

ओहायोकर

दोन्ही बरोबर आहे, पण अर्धवट काही नको. एकतर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) मिसळून टाकी भरायची आणि पाच दहा मिनिटं चालवायचं म्हणजे ते कार्बपर्यंत पोचतं, नाहीतर पेट्रोल काढून टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग वाटीचा बोल्ट थोडा सैल करून तळाशी राहिलेलंही काढायचं. मी दुसरं करतो. भारतात स्टॅबिलायझर सहज मिळत नसेल तर दुसरंच करा.

ऑइल ठेवताना बदलायचं, काढताना नाही, जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी महिनोनमहिने आत बसू नये म्हणून. डेकच्या (ब्लेडवरचं पत्र्याचं आवरण) खालचं वाळलेलं गवत प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं, तिथूनच गंज सुरू होतो. फिल्टर कागदी असेल तर हलकेच झटका, धुऊ नका. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि थेंबभर ऑइल लावून पिळा.

आगरातला

टू स्ट्रोकला पण हेच, टाकी रिकामी, प्रायमर दाबून नळीतलं काढा आणि मरेपर्यंत चालवा. काहीजण म्हणतात डायफ्राम कोरडा पडून कडक होतो. माझा अनुभव, इथेनॉलमध्ये बुडलेला जास्त लवकर जातो.

बी_विंग

ओहायोकर सर, अपडेट देतो. रविवारी माळीदादा, मी आणि वरच्या मजल्यावरचे एक काका, जे गॅरेजमधून रिटायर झालेत, तिघांनी मिळून उघडला. काकांकडे पुलर होता. खाच बघितली तर फ्लायव्हील स्पष्ट सरकलेलं, चावी अर्धी कापलेली, हातात आली तर दोन पायऱ्या पडल्यासारखी दिसत होती. शाफ्ट मात्र सरळ आहे, काकांनी सुद्धा दोनदा बघितलं. चावी रविवार पेठेत मिळाली, किंमत सांगितली तर कमिटीला खरं वाटणार नाही. बसवली, कार्ड घालून कॉइल लावली आणि पहिल्याच ओढीत चालू!! माळीदादांचा चेहरा बघायला हवा होता, त्यांना इतके दिवस वाटत होतं की आपल्यामुळे मशीन गेलं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, तो बुंधा आम्हीच अर्धवट तोडून ठेवला होता.

आता चालू असताना हँडलला कंप जाणवतो, आधी नव्हता. ब्लेडला एका टोकाला मोठा खड्डा पडलाय. ब्लेड काढून धार लावली तर चालेल का, आणि परत बसवताना कुठली बाजू खाली?

ओहायोकर

वा वा, फारच आनंद झाला! माळीदादांना माझा नमस्कार सांगा.

कंप ब्लेडमुळेच आहे, एका टोकाचं वजन कमी झालंय. ब्लेड सपाट फरशीवर ठेवून बघा, वाकलं असेल किंवा चीर दिसत असेल तर सरळ नवीन घ्या, ठोकायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. सरळ असेल तर खड्डा निघेपर्यंत दोन्ही टोकं सारखी घासा, मूळचा जो उतार आहे तोच ठेवा, वस्तऱ्यासारखी धार करू नका, ती लगेच मोडते. नंतर भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून अडकवा, जे टोक खाली जाईल ते पाठच्या बाजूने अजून थोडं घासा, आडवं स्थिर राहीपर्यंत.

बसवताना मागची वर उचललेली पंखासारखी कडा मशीनच्या पोटाकडे, म्हणजे वर. तिच्यामुळेच हवा ओढली जाऊन गवत उभं राहतं. उलटं बसलं तर इंजिन जोरात चालेल आणि गवत नुसतं झोपेल. बोल्ट सोडवताना आणि आवळताना ब्लेड आणि डेकच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, हाताने धरू नका, आणि प्लगची वायर काढलेली आहे ना ते माळीदादांना एकदा बघायला सांगा.